लटारूच्या दुकानातलं सूप

लटारू बुरडाचं दुकान माह्या दुकानाच्या बरोबर समोर होतं, म्हणून माहा धंदा कधी वाढला नाई. हे मी रागानं सांगून नाई राह्यलो. जे होतं ते होतं. चांद्याच्या आमच्या पेठेत इकडे माहं, केवळरामचं, किराणाचं दुकान, न तिकडे त्याचं तिरडीच्या सामानाचं. गिऱ्हाईक माह्याकडे गूळ घ्याले येई, गूळ घेई न मान खाली घालून पळे. बसणं नाई, गप्पा नाई, चार जिनसा आणखी पाहणं नाई. दुसऱ्या दुकानदारायले समोर हॉटेल मिळे, कापडवाला मिळे. मले हा मिळाला.

लटारू जातीनं बुरड, काम बांबूचं. सूप, टोपली, डालं, धान ठेवाची ढोली, सारं करे. हात असा, की त्याच्या सुपात पाणी टाकलं तं गळाले येळ लागे. पण त्याच्या बापानं कधीतरी दुकानात तिरडीचं सामान ठेवाले सुरुवात केली. दोन लांब बांबू, मंधी बांधाच्या कामट्या, सुतळी, धानाचं तनस, कोरं कापड, मडकं. सारं एका जागी. चांद्याच्या लोकायची मोठी सोय झाली, न त्या दिवसापासून त्या दुकानातलं सूप कोणी घेतलं नाई. आता सूप म्हणजे काई साधी वस्तू नाई. आपल्यात लेकरू जन्मलं की पहिले सुपात ठेवते. लग्नात सूप लागते, दिवाळीले लक्ष्मीपुढं सूप लागते. ज्या हातानं तिरडी बांधली त्या हातचं सूप लेकराखाली कोण ठेवन? त्यामुळे त्याची बायको शकुबाई सुपाची गठडी डोक्यावर घेऊन मूल गावच्या बाजारात जाय. तिथी कोणाले माहीत नोतं. तिथी भराभर खपत.

तरी लटारू दुकानाच्या दारावर दोन-तीन सुपं टांगून ठेवे. हिरवी टांगे, ती पिवळी होत, मंग तपकिरी होत, मंग तो काढून चुलीत घाले न नवी टांगे. मी एकदा म्हणलं, "काऊन टांगतो बे? घेते का कोणी?" तं म्हणे, "बुरडाचं दुकान आहे, केवळरामभाऊ. सूप तं दिसलं पायजे."

आणखी एक. आपल्यात माणूस निघाला की 'जातो' म्हणत नाई, 'येतो' म्हणते, न घरचा माणूस 'या' म्हणते. लटारूच्या दुकानातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नसे. तिथी परत याची कोणाले हौस? न लटारूही कोणाले 'या' म्हणत नसे. बापानं त्याले पहिले हेच शिकवलं होतं, बांबू चिराचं मागून शिकवलं. इतकी सवय पडली होती की माह्याकडे तंबाखू घ्याले आला तरी घेई न मुकाट्यानं चालला जाय. मी आपला सवयीनं 'या' म्हणाचो. तो मान हलवे.

त्यात त्याची नजर कमजोर. दूरचं पाहाचं असलं की डोळे बारीक करे न माणसाले पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळे. लोक म्हणत, माप घेते. भलेभले त्याच्यासमोरून जाताना वाकून जात. बाजारातला इसरू पानवाला, चांगला उंच गडी, लटारू दिसला की खालीच बसे न चपलेचा अंगठा पाहे.

लग्नाकार्यात त्याले बोलावणं नसे. पंगत उठल्यावर जेवणाचं ताट घरी पाठवत, भरपूर पाठवत, त्यात कोणी हात आखडता घेतला नाई. लटारूही त्याचं वाईट मानत नसे. शकुबाई मानत होती. पण बाईचं कोण ऐकते.

आता मुद्द्याची गोठ. त्या काळी आमच्याकडे बाळंतपणं घरीच, दाईच्या हातानं. जी सुटली ती सुटली, जी अडली ती अडली. एका पावसाळ्यात पोचू गाडीवान लटारूच्या दुकानात आला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. लटारूनं सामान काढून दिलं. पोचूनं कमरेची पिशवी सोडली तं लटारू म्हणे, "राहू दे. बाळंतिणीचं घेत नाई मी." शकुबाई आतून हिरवा खण न नारळ घेऊन आली, पोचूच्या हाती दिला न आत चालली गेली. पोचू तसाच उभा राह्यला. मंग मीच जाऊन त्याले घरी नेऊन सोडलं.

मी दुसऱ्या दिवशी लटारूले इचारलं, "बाकीच्यायचं घेतो, बाळंतिणीचं काऊन नाई घेत?"

तो कामटी सोलत होता. म्हणे, "ती मराले नोती बसली, भाऊ. दुसऱ्याच कामाले बसली होती. त्या कामाले जे लागते ते माह्यापासून कोणी घेत नाई. मंग याचे पैसे कसे घेऊ?"

असा तो माणूस. त्याच्या दुकानातून अशा किती बाया गेल्या ते मी समोर बसून पाह्यलं आहे, न सांगत नाई, काऊन की सांगून काय होते.

मंग गुणवंतराव आले. गुणवंतराव म्हणजे जुने मालगुजार. मालगुजारी गेल्यावर माणसाले कशाचं तरी अध्यक्ष व्हा लागते. त्यायनं ठरवलं की चांद्यात बायकायसाठी बाळंतघर बांधाचं, लोकवर्गणीतून. काम चांगलं होतं, त्यात वाद नाई. कमिटी झाली. गुणवंतराव अध्यक्ष, घनश्याम मास्तर चिटणीस, न मी सभासद, म्हणजे सतरंजी उचलणारा. जागा गुणवंतरावनंच दान दिली, पठाणपुऱ्याच्या रस्त्यावरची. ती जागा कोणी इकत घेत नोतं. आमच्या पेठेतली हर मयत त्याच रस्त्यानं नदीवर जाय. पण फुकटच्या गाईचे कोणी दात पाहत नाई. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाजाराच्या दिवशी फेरी निघाली. पुढं ढोलवाला, मागं आम्ही चौघं एक पांढरं धोतर चारी कोपऱ्यायनं धरून. लोक त्यात पैसे टाकत, तांदूळ टाकत, एका कोष्ट्यानं लुगडं टाकलं. इसरू पानवाल्यानं दहा विडे टाकले, ते मास्तरनं लगेच उचलले. असे आम्ही लटारूच्या दुकानापुढं आलो. लटारू दारात उभाच होता, अंगात धुतलेला सदरा, हाती रुमालाची गाठ. आता मजा पाहा. चौघं माणसं, चारी कोपऱ्यायनं धरलेलं पांढरं कापड, न समोर लटारूचं दुकान. पुढचा ढोल आपोआप थांबला. गुणवंतराव हळूच म्हणे, "कापड खाली करा." आम्ही खाली केलं तं तांदूळ सांडाले लागला. "वर करा." वर केलं. मंग आम्ही तसेच पळत पुढं गेलो, जसे काई कुत्रं मागं लागलं.

लटारू मागून आला. "मास्तर, माहं राह्यलं."

घनश्याम मास्तर चांगला माणूस, कोणाले 'नाई' म्हणता येत नसे त्याले. म्हणे, "पुढच्या फेरीत घेतो, लटारूभाऊ."

पुढच्या फेरीत लटारू पुन्हा सदरा घालून उभा. मास्तर म्हणे, "आता पुरते झाले पैसे." न त्याच्या शेजारच्या लोहाराजवळून दोन रुपये घेतले. मले राग आला. मी तिथीच म्हणलं, "मास्तर, पैशावर का मयताचा वास येते?" तं गुणवंतराव म्हणे, "केवळराम, तू सतरंजीचं पाहा." ते अध्यक्ष, मी काय बोलणार. पण मनात मी जे बोललो ते आजही मले आठवते न मी ते मागं घेत नाई.

लटारूनं तरी नाद सोडला नाई. भिंती उभ्या झाल्या, वर टिन चढलं, तवा तो स्वतः गुणवंतरावच्या घरी गेला. मागच्या दारानं गेला, समोरून कोणाले भेव नको म्हणून. म्हणे, "मालक, चांद्याचा उन्हाळा आहे. टिनाखाली बाळंतीण भाजून निघन. मी आतून बांबूचे तट्टे मारून देतो. माहा बांबू, माही मजुरी. पैसे नाई घेतले तं हे तरी घ्या."

गुणवंतराव म्हणे, "अरे लटारू, तुह्या मनात वाईट नाई, मले माहीत आहे. पण बाई खाटेवर उताणी निजन, वर पाहीन, न तिले काय दिसन? तुहा बांबू."

लटारू म्हणे, "बरं जी." न वापस आला. आल्यावर माह्या दुकानाच्या पायरीवर बसला. त्यानं मले तेवढंच सांगितलं, शब्दाले शब्द, न इचारलं, "भाऊ, माह्या बांबूले दुसरं काई दिसतच नाई का?" मी त्याले तंबाखू दिला. आणखी काय देणार होतो.

माघ महिन्यात उद्‌घाटन झालं. हार झाले, भाषणं झाली, पेढे वाटले. लटारूच्या घरी पेढा पाठवला, भरपूर पाठवला. नागपूरहून एक नर्सबाई आली, चश्मा लावणारी, कामात पक्की. चार लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, पाणी तापवाची भट्टी. सारं तयार. न एक बाई आली नाई.

पहिले वाटलं, लाजतात. मंग कळलं. खिडकीखालून 'राम बोलो भाई राम' करत मयत जाय, न ते ऐकत कोण बाई जोर लावन? बायकाच बोलल्या, माह्या बायकोनं मले तोंडावर सांगितलं, "तिथी लेकरं येतीन की जातीन?" नर्सबाई दिवसभर खिडकीत बसून सुयायनं स्वेटर विणे. चांद्यात स्वेटर.

शेवटी घनश्याम मास्तरनं ठरवलं की चिटणीसानंच उदाहरण घालून द्यावं. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. दुपारी कळा सुरू झाल्या, टांगा केला, बायकोले बसवलं, बाळंतघराच्या दारापुढं टांगा थांबला. तेवढ्यात तिकडून मयत आली. घोडा बिचकला, मास्तरीणबाईनं मास्तरचं मनगट असं धरलं की वळ उमटले, न टांगा वापस. पोरगी घरीच झाली, दोघी सुखरूप. पण उदाहरण जे घालून द्याचं ते उलटं घातलं गेलं.

कमिटी बसली. मयतीनं दुसऱ्या वाटेनं, बिनबा दरवाजातून जावं, म्हणजे काम होईन, हे साऱ्यायले पटलं. पण सांगन कोण? ज्याच्या घरी माणूस मेलं त्याच्या दारात जाऊन, भाऊ तुमचं मढं जरा लांबून न्या, असं कोण म्हणन? गुणवंतराव म्हणे, पाटी लावू. मास्तर म्हणे, पाटीवर काय लिहू?

मी म्हणलं, "एक माणूस सांगू शकते. सारे मयतवाले त्याच्याच दुकानातून जाते, न त्या येळेले तो जे म्हणन ते लोक ऐकते."

बाहेर गाय हंबरली. गुणवंतराव म्हणे, "त्याले बोलावून घ्या." मी म्हणलं, "त्याचे पैसे नाई घेतले, तट्टे नाई घेतले, न आता बोलावून घ्या? तुमाले जा लागन, मालक." अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण लटारू गाढव नोता, म्हणून ते मी म्हणलं नाई.

तं गुणवंतराव निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कडक इस्त्रीचं धोतर, टोपी, मागं मी. न इथीच सारा घोटाळा झाला. कोणाच्या ध्यानातच आलं नाई की चांद्यात लटारूच्या दुकानात कोणी नुसतं जात नाई.

इसरू पानवाल्यानं गुणवंतरावले त्या दुकानात चढताना पाह्यलं. त्यानं पान लावणं थांबवलं, दुकानाची फळी अर्धी ओढली न न्हाव्याले म्हणलं, "ताराबाई गेल्या." ताराबाई म्हणजे गुणवंतरावची म्हातारी आई. न्हाव्यानं अर्धी दाढी झालेल्या माणसाले तसंच उठवलं. कापडवाल्यानं दुकान बंद केलं, सोनारानं केलं, हॉटेलवाल्यानं चुलीत पाणी ओतलं. माह्या बायकोनं आमचं दुकान बंद केलं न निघाली.

इकडे ताराबाई ओसरीत लाखोळी डाळ निवडत बसल्या होत्या. चार बाया रडत आल्या. ताराबाईनं पाह्यलं, बाया रडून राह्यल्या म्हणजे कोणीतरी गेलं. म्हातारं माणूस, इचारपूस मागून करू म्हणून त्यायनं पदर डोळ्याले लावला न त्याही रडाले लागल्या. पहिल्या बायायले ताराबाई दिसल्या खऱ्या, पण त्या स्वतःच रडून राह्यल्या, म्हणजे घरातलं दुसरं कोणी गेलं असन, म्हणून यायनं आणखी जोरात धरलं. मागून आणखी आल्या. सारी ओसरी भरली. बऱ्याच येळपर्यंत सगळ्यायनं मन लावून रडून घेतलं. मंग रुखमाबाई शिंपीण आली, तिचा स्वभाव फटकळ, तिनं ताराबाईले रडताना पाह्यलं न इचारलं, "मंग गेलं कोण?"

ताराबाई म्हणे, "मले काय माहीत? तुमीच तं आणलं."

हे सारं मागून कळलं. त्या येळेले आम्ही लटारूच्या दुकानात बसलो होतो. गुणवंतराव बांबूच्या मोळीवर बसले होते, पाय पोटाशी घेऊन, जितकं लहान दिसता येईन तितकं लहान होऊन. लटारूनं सवयीनं डोळे बारीक केले तं ते आणखी आखडले. मी सारी गोठ सांगितली. लटारू ऐकत होता, कोयता मांडीवर.

"सांगतो," म्हणे. "आजपासूनच सांगतो."

गुणवंतराव म्हणे, "याचं काय घेशीन?"

"काई नाई जी."

"काई तं घे."

"मी द्याले आलतो, मालक. घ्याले नोतो आलो."

गुणवंतराव उठले. चांगल्या घरचं माणूस, तोंडात सवयीचा शब्द. उंबऱ्यावर उभं राहून म्हणे, "बरं, येतो."

म्हणाले न तिथीच थिजले. मीही थिजलो. आता लटारू 'या' म्हणते का काय? लटारूनं बांबू मांडीवर ओढला न खाली मान घालून चिराले लागला. एक शब्द बोलला नाई. गुणवंतराव माह्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले, तांब्याभर पाणी पेले, मंग त्यायले दिसलं की सारा बाजार बंद आहे.

घरी पोचले तं ताराबाईनं त्यायले उभंच धरलं. कशाले गेलता ते सारं ऐकून घेतलं. म्हणे, "मी मेल्यावर बांबू कोणाचा आणशीन?" गुणवंतरावनं टोपी काढून हाती घेतली. "मंग जो बांबू तुह्या मायले चालते, तो दुसऱ्याच्या सुनेले काऊन नाई चालत?" गुणवंतराव म्हणे, "पाहू." ताराबाई म्हणे, "पाह्यलं आज मी. कोण खरंच रडली न कोण नुसता पदर लावून बसली होती, सारं पाह्यलं." न पुन्हा डाळ निवडाले लागल्या.

त्या दिवसापासून चांद्यातल्या मेलेल्या लोकायनं वाट बदलली. लटारू सामान देई, सुतळी बांधून देई, न शेवटी सांगे, "बिनब्यातून न्या." त्या घडीले माणूस कोणी काई सांगितलं तरी करते, कोणीतरी सांगून राह्यलं हेच त्याले बरं वाटते. वाट लांब होती, खांदे जास्त येळा बदला लागत. एका पहिलवानाच्या पोरायनं तेवढा वाद घातला. म्हणे, "आमचा बुढा जन्मभर पठाणपुऱ्यातून गेला." लटारू म्हणे, "आता बिनब्यातून जाईन. त्याले कुठी घाई आहे." पोरायनं सामान उचललं.

तरी बाळंतघर रिकामंच. बायकायच्या मनातली वाट इतक्या लवकर बदलत नाई. नर्सबाईचं दुसरं स्वेटर झालं.

मंग चैतात महाकालीची यात्रा भरली. झरपट नदीच्या रेतीत यात्रेकरूचे बिऱ्हाडं. त्यात दूरच्या खेड्यातली गुणाबाई नावाची एक धिवरीण होती, नवस फेडाले आलेली, संग तिची गर्भार पोरगी गिरजा. इतक्या उन्हात पोटुशी पोरीले यात्रेत आणाचं नाई, पण देवीचा नवस असला की कोण ऐकते. दुपारी गिरजाले कळा लागल्या न ती अडली. तिथल्या स्वयंसेवकायनं तिले बैलगाडीत घातलं न सरळ पठाणपुऱ्याच्या रस्त्याच्या बाळंतघरात नेलं. तिले बिचारीले त्या रस्त्याचं काई माहीत नोतं.

इसरू पानवाला धावत आला. "बाळंतघरात बाई आली. अवघड आहे म्हणते नर्सबाई."

न त्याच दुपारी आमच्या पेठेत सुकलू तेल्याची मयत निघून राह्यली होती. लटारूनं सांगितलं होतं, बिनब्यातून न्या. पण तिकडच्या रस्त्यावर यात्रेच्या गाड्यायचा घोळ पडला होता, वाट बंद. मयतवाले चौकात आले न पठाणपुऱ्याकडे वळले. तोंडानं राम बोलो सुरू.

लटारू दुकानातून उठला. मी त्याले पळताना कधी पाह्यलं नोतं. तिरडीचा नवा लांब बांबू हातात घेऊन पळाला, मी त्याच्या मागं, लोक माह्या मागं. चौकाच्या पुढं जाऊन त्यानं तो बांबू रस्त्यावर आडवा टाकला न स्वतः त्यावर बसला.

"वाट दे, लटारू," सुकलूचा धाकटा भाऊ म्हणे. त्याचे डोळे सुजले होते, खांदा सोलला होता.

"नाई देत."

"आमचं माणूस गेलं, न तू..."

"गेलं," लटारू म्हणे. "तिकडे एक येऊन राह्यलं. जो गेला तो थांबते. येणाऱ्याले थांबवता येत नाई." मंग जरा आवाज उतरवून म्हणे, "सावलीत ठेवा. मी पाणी आणतो. पण इकडून नका नेऊ. पाया पडतो."

त्यानं खरंच पाय धरले. वयानं मोठा माणूस, त्या पोराचे पाय धरले. त्यायनं तिरडी कडुनिंबाच्या सावलीत टेकवली. राम बोलो बंद झालं. मी दुकानातून पाण्याची कळशी आणली, गुळाची भेली आणली. सारे तिथी बसले, ज्यायचं गेलं ते न बाकीचे, न पठाणपुऱ्याच्या रस्त्याकडे पाहत राह्यले. सुकलू पण आपला सावलीत होता. तो जिता असताना एवढा येळ कोणासाठी थांबला नोता.

उन्हं उतराले लागली तवा इसरू आला. चालत आला, पळत नाई, म्हणून सारे धसकून उभे झाले. जवळ येऊन म्हणे, "पोरगा आहे. दोघं बरे आहे."

सुकलूच्या भावानं डोळे पुसले न म्हणे, "चला, आता उचलू." तवापर्यंत बिनब्याची वाट मोकळी झाली होती. तिकडूनच गेले. त्यायले कोणी सांगितलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गुणाबाई फिरताना दिसली. केस पिंजारलेले, डोळे जागरणानं लाल, तोंडावर मात्र पोराचं हसू. तिले सूप पायजे होतं. लोखंडी खाटेवर निजवलेलं लेकरू तिच्या मनाले पटत नोतं, नर्सबाई काई म्हणो. फिरत फिरत ती लटारूच्या दारापुढं आली. दारावर टांगलेलं हिरवं सूप तिले दिसलं न ती आत चढली.

सारा बाजार पाहून राह्यला. इसरू ठेल्यावरून उठला, "बाईले सांगा लागन" म्हणत. मी त्याच्या सदऱ्याले धरून त्याले खाली बसवलं. "बस," म्हणलं. "आज एक शब्द बोलला तं पुढं तुले चुना देणार नाई."

लटारूनं गुणाबाईकडे डोळे बारीक करून पाह्यलं. त्याले वाटलं, हिचं कोणी गेलं. तो बांबूकडे वळला.

"ते नाई, भाऊ," गुणाबाई म्हणे. "सूप पायजे. नातू झाला मले."

लटारू तसाच उभा राह्यला. मंग दारावरचं नाई, आतलं, त्याच दिवशी विणून ठेवलेलं सूप आणलं. काठावरून हात फिरवला, कुठी बोचणारी कूस तं राह्यली नाई ते पाह्यलं. शकुबाई आतून आली. तिच्या हाती हिरवा खण न नारळ. तिनं ते सुपात ठेवलं न आज आत गेली नाई, तिथीच उभी राह्यली.

"किती द्याचे?" गुणाबाईनं कमरेची पिशवी सोडली.

"राहू द्या," लटारू म्हणे. "बाळंतिणीचं घेत नाई मी."

"असं कसं, भाऊ? पहिलं लेकरू आहे."

"म्हणूनच," तो म्हणे. मंग जराशानं इचारलं, "टिन तापते का तिथी?"

"भल्लं तापते. पोरीले पंख्यानं वारा घालून घालून हात गेला माहा."

"तट्टे मारून देतो आज. सांगा नर्सबाईले."

गुणाबाईनं सूप छातीशी धरलं. तिले आमच्या चांद्याचे रीतरिवाज काय माहीत. ती उंबऱ्यावर वळली न म्हणे, "येतो, भाऊ."

मी इकडून पाहत होतो. लटारूचं तोंड उघडलं न बंद झालं. बापानं शिकवलेलं, चाळीस-पन्नास वर्षांचं, इतक्या सहज कसं सुटन.

"या," तो म्हणे.

माह्या डोळ्यात पाणी आलं, त्यात लाजाचं काय आहे. शकुबाई पदरात तोंड घालून रडाले लागली. लटारू तिथीच उभा होता, गुणाबाई चौकातून दिसेनाशी होईपर्यंत, डोळे बारीक करून. मंग दुकानात गेला, तट्ट्यासाठी बांबू काढले न चिराले बसला. एक गिऱ्हाईक माह्याकडे साखर घ्याले आलं होतं, ते जायले तयारच नोतं. मी म्हणलं, आणखी काई घेतं का, तं म्हणे, जरा बसतो.